बरकात कुटुंबाची पिवळी इमारत

आठवीच्या वर्गात 'शेर' शिकवायचा असला की मी दरवेळी थोडा रेंगाळतो. उर्दूत शेराला 'बैत'ही म्हणतात. बैतबाजी तर आपल्याकडच्या प्रत्येक उर्दू शाळेत होते. पण अरबीत बैत म्हणजे मुळात घर. शेराच्या दोन ओळींना आपण मिसरे म्हणतो आणि मिसरा म्हणजे दाराचं एक कवाड. छंदशास्त्रातल्या 'सबब' आणि 'वतद' या शब्दांचे मूळ अर्थ आहेत तंबूची दोरी आणि तंबूची खुंटी. म्हणजे वाळवंटातल्या माणसाने कवितेचं शास्त्र रचताना डोळ्यासमोर स्वतःचा तंबूच ठेवला होता. मुलांना हे फार आवडतं. मग कोणीतरी विचारतंच, "सर, मग दोन्ही कवाडं उघडी असली तर?"

या वर्षी हा प्रश्न आला तेव्हा मला एक घर आठवलं. त्या घराची सगळी दारं एका रेषेत होती आणि तो रचनेचा गुणच पुढे त्याच्या मुळावर आला. हे घर बैरूत शहरात आहे. लोक त्याला पिवळं घर म्हणत, 'अल-बैत अल-असफर'. आता त्याचं सरकारी नाव आहे 'बैत बैरूत'. ते बांधलं तेव्हा मात्र ती साधी 'बरकात यांची इमारत' होती. बरकात हे आपल्या बरकतचंच अनेकवचन आहे.

बैरूत हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा नकाशात पाहिलेलं नसतं. मीही ते पुस्तकावर पाहिलं. मदरशात किंवा मशिदीच्या कपाटात अरबी किताबांच्या जाडजूड जिल्दी असतात. त्यांच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं गाव असतं आणि दहातल्या कितीतरी पुस्तकांवर ते बैरूत असतं. दारुल कुतुब अल-इल्मिया ही त्या शहरातली प्रकाशन संस्था १९७१ मध्ये सुरू झाली, म्हणजे लढाई पेटण्याच्या जेमतेम चार वर्षं आधी. आमच्या मौलवीसाहेबांच्या कपाटातली पुस्तकं पाहून लहानपणी मला वाटायचं, बैरूतमध्ये सगळे आलिमच राहत असतील.

पुढे उर्दूचा विद्यार्थी झालो तेव्हा हे नाव फैज़ अहमद फैज़ यांच्या चरित्रात भेटलं. आफ्रो-आशियाई लेखकांच्या 'लोटस' या नियतकालिकाचे संपादक म्हणून फैज़ १९७० च्या दशकाच्या अखेरीस बैरूतला गेले आणि १९८२ मध्ये इस्रायलची फौज शहराच्या वेशीवर येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचा 'मेरे दिल मेरे मुसाफ़िर' हा संग्रह यासर अराफात यांना अर्पण केलेला आहे. आपण ती शायरी मुशायऱ्यात ऐकतो आणि वाहवा करतो. पण फैज़ ज्या शहरात बसून लिहीत होते ते शहर मधोमध चिरलेलं होतं आणि त्या चिरेच्या अगदी काठावर हे पिवळं घर उभं होतं, हे मला खूप उशिरा कळलं.

आता घराची गोष्ट.

१९२४ साली निकोला बरकात आणि त्यांची बायको व्हिक्टोरिया यांनी बैरूतच्या सोदेको भागात, दमास्कसला जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, इमारत बांधायला काढली. भाड्याने द्यायची घरं आणि तळाला दुकानं, असा तो बेत होता. तेव्हा लेबनॉन फ्रान्सच्या ताब्यात होता. उस्मानी सल्तनत पहिल्या महायुद्धात बुडाली होती, १९२० मध्ये फ्रेंचांनी 'बृहत् लेबनॉन' जाहीर केला होता आणि बैरूत त्याची राजधानी झाली होती. बंदर वाढत होतं, बाहेरून माणसं येत होती. वाडे आणि बागा मागे पडून शहरात मजल्यांच्या इमारती उठायला लागल्याचा तो काळ.

वास्तुकार होते युसूफ अफतीमूस. यांच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांच्यासारखी माणसं आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कधी येत नाहीत. जन्म १८६६ चा, डोंगरातल्या दैर अल-कमर या गावचा. गावाच्या नावाचा अर्थ चंद्राचा मठ. त्यांच्या जन्माआधी सहाच वर्षं, १८६० मध्ये, दैर अल-कमरमध्ये ख्रिस्ती लोकांची मोठी कत्तल झाली होती. तीच आग दमास्कसला पोहोचली. तिथे अल्जीरियाच्या अमीर अब्दुल कादिर यांनी हजारो ख्रिस्ती लोकांना आसरा दिला. तो प्रसंग आपल्याकडचे वक्ते अभिमानाने सांगतात आणि सांगावाच. पण त्या प्रसंगाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे त्या लोकांना आसरा लागला का, हा सांगताना आवाज जरा खाली येतो.

अफतीमूस शिकायला अमेरिकेत गेले, स्थापत्य अभियंता झाले आणि १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात पूर्वेकडच्या दालनांच्या कामावरही होते. परत आल्यावर सुलतान अब्दुल हमीद यांच्या काळात बैरूतचा 'हमीदिया' घड्याळ मनोरा त्यांनीच उभारला. १८९८ साली तो पुरा झाला. बैरूतच्या नगरपालिकेची इमारतही त्यांचीच आणि पुढे फ्रेंच अमदानीत ते काही काळ बांधकाम मंत्रीही होते. खलिफासाठी मनोरा, नगरपालिकेसाठी कचेरी आणि एका ख्रिस्ती जोडप्यासाठी भाड्याची इमारत, हे सगळं एकाच माणसाच्या हातून झालं. त्यात त्या काळी कोणाला नवल वाटलं नसावं.

बरकातांच्या इमारतीसाठी त्यांनी आपल्या गावच्या दैर अल-कमरचा गेरूसारखा पिवळसर वालुकाश्म वापरला. 'पिवळं घर' हे नाव त्यातून आलं. पण खरी करामत दगडाची नव्हती, कोपऱ्याची होती. चौकातल्या इमारतीचा कोपरा साधारणपणे सगळ्यात भरीव असतो. अफतीमूस यांनी तोच मोकळा सोडला. दोन रस्त्यांवर दोन भाग उभे केले आणि कोपऱ्यावर त्यांना खांबांच्या उघड्या सज्जाने जोडलं. रस्त्यावरून मान वर केली की खांबांमधून पलीकडचं आकाश दिसायचं. आत राहणाऱ्यांच्या सोयीचं म्हणजे, दारं आणि खिडक्या अशा सरळ रेषेत ठेवल्या होत्या की मागच्या खोलीत बसलेल्या माणसालाही पुढच्या खोल्या आणि सज्जा ओलांडून थेट चौक दिसावा. उजेड आणि वारा शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचावा. शहरातल्या दाटीत राहणाऱ्याला यापेक्षा मोठी श्रीमंती कोणती? आपल्याकडे चाळीत गॅलरीलगतची खोली मिळाली तरी माणूस खूश होतो. इथे प्रत्येक खोलीला चौकावर नजर होती.

१९३२ मध्ये फुआद कोझा या वास्तुकाराने वर आणखी दोन मजले चढवले, तेही पोलादी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, पण खालच्या कोपऱ्याची ठेवण न मोडता. एकूण आठ घरं झाली. मध्यमवर्गीय कुटुंबं राहायला आली, एक दंतवैद्य होते, तळाला केस कापण्याचं दुकान होतं आणि 'फोटो मारियो' नावाचा फोटो स्टुडिओ होता.

१९३२ या सालाशी थोडं थांबू या. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये शिरगणती झाली. कोण कोणत्या पंथाचा हे मोजलं गेलं आणि ख्रिस्ती थोडे जास्त भरले. त्या आकड्यांवर पुढची सगळी वाटणी बेतली. १९४३ मध्ये स्वातंत्र्य मिळताना ठरलं की राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया, आणि संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम जागांचं प्रमाण सहास पाच. त्यानंतर लेबनॉनने पंथवार जनगणना पुन्हा कधीच केली नाही. करायची कोणाची हिंमतच झाली नाही. लोकसंख्या बदलत गेली आणि वाटणी कागदावर तशीच राहिली. त्यात १९४८ नंतर पॅलेस्टिनी निर्वासित आले, १९७० नंतर जॉर्डनमधून हाकललेल्या त्यांच्या सशस्त्र संघटना आल्या. इस्रायलचे हल्ले, अरब राजधान्यांची भांडणं, गावांतली गरिबी आणि राजधानीतला चकचकाट, हे सगळं त्या छोट्या देशात साठत गेलं. घराला दोन मजले ज्या वर्षी चढले, त्याच वर्षी देशाचा हिशेब गोठला.

१३ एप्रिल १९७५ रोजी बैरूतच्या ऐन अल-रुम्माना उपनगरात एका चर्चजवळ गोळीबार झाला आणि त्याच दिवशी पॅलेस्टिनी लोकांच्या बसवर हल्ला होऊन वीसहून जास्त माणसं मारली गेली. यादवी सुरू झाली ती पंधरा वर्षं चालली. शहराच्या हुतात्मा चौकापासून दक्षिणेकडे, दमास्कस रस्त्याच्या आधाराने एक रेषा पडली. पूर्वेला ख्रिस्ती मिलिशिया, पश्चिमेला मुस्लिम, डावे आणि पॅलेस्टिनी गट. मधल्या पट्ट्यात कोणी जाईना, तेव्हा रस्त्याच्या भेगांतून गवत आणि झाडं उगवली. त्यावरून 'हिरवी रेषा' हे नाव पडलं असं सांगतात. अरबीत तिला 'संपर्करेषा' म्हणत, 'खत्त अत-तमास'. तमास म्हणजे स्पर्श. या शब्दाची मला नेहमी गंमत वाटते आणि भीतीही.

बरकातांची इमारत बरोबर त्या रेषेवर होती, पूर्वेच्या बाजूला. भाडेकरू मिळेल ते उचलून गेले. मग ख्रिस्ती मिलिशियांचे नेमबाज आत आले.

त्यांना काय सापडलं? असं घर, ज्याच्या मागच्या खोलीतून थेट चौक दिसतो. नेमबाजाला खिडकीत उभं राहायची गरजच उरली नाही. तो आतल्या खोलीत, दोन-तीन भिंतींच्या आड बसायचा. पुढे वाळूच्या गोण्या आणि काँक्रीटचा ठोकळा, त्यात हाताएवढी फट. त्या फटीतून गोळी सुटायची, सरळ रेषेतली दारं पार करून, खांबांमधल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडायची आणि समोर रास अल-नबा भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा माणूस कोसळायचा. पाव आणायला निघालेला असेल किंवा मुलाला शोधायला. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्याला बंदुकीचा भडकाही दिसत नसे. प्रत्युत्तरादाखल पश्चिमेकडून गोळ्या आणि रॉकेट यायचे ते दर्शनी भिंतीवर. पिवळा दगड चाळणीसारखा झाला, आतला नेमबाज बहुधा वाचायचा.

उजेडासाठी ठेवलेली रेषा गोळीने वापरली. याचा दोष अफतीमूस यांना देता येत नाही. ते १९५२ साली अल्लाहघरी गेले, त्यांना यातलं काहीच पाहावं लागलं नाही.

इथपर्यंत वाचून काही वाचकांच्या मनात एक हिशेब सुरू झाला असेल. नेमबाज ख्रिस्ती, समोरचा रस्ता मुसलमानांचा, म्हणजे ही आपल्यावरच्या जुलमाची गोष्ट. मला हाच हिशेब मोडायचा आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. ६ डिसेंबर १९७५ च्या 'काळ्या शनिवारी' ख्रिस्ती मिलिशियांनी बैरूतच्या रस्त्यांवर नाकी लावली आणि ओळखपत्रावरचा धर्म पाहून मुसलमानांना ठार मारलं. आदल्या दिवसांत त्यांचे चार तरुण मेलेले सापडले होते. जानेवारी १९७६ मध्ये करन्तिना वस्तीत मुस्लिम आणि पॅलेस्टिनी गरिबांची कत्तल झाली. दोनच दिवसांनी दामूर या ख्रिस्ती गावात पॅलेस्टिनी आणि त्यांच्या साथीदारांनी कत्तल केली. १९८२ मध्ये सब्रा आणि शतीला. ही नावं आपल्याला ठाऊक असतात, कारण दरवर्षी ती फोनवर फिरतात. दामूर कोणी पाठवत नाही. आणि १९८५ नंतर तीन वर्षं त्याच शतीला छावणीला वेढा घालणारी अमल ही शिया मुसलमानांची संघटना होती, हेही कोणी पाठवत नाही. शेवटी १९९० मध्ये पूर्व बैरूतमध्ये ख्रिस्ती सैन्य आणि ख्रिस्ती मिलिशिया एकमेकांच्याच वस्त्या भाजत होते. हिरव्या रेषेच्या पश्चिमेलाही नेमबाज होते. त्यांचीही घरं होती, त्या घरांतले भाडेकरूही कुठेतरी पळालेले होते.

त्याच दमास्कस रस्त्यावर, थोडं दक्षिणेला, लेबनॉनचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेही रेषेवर आलं होतं. तिथले संचालक मॉरिस शिहाब यांनी हलवता न येण्याजोग्या मोठ्या दगडी शवपेट्या आणि मूर्ती जागच्या जागी काँक्रीटच्या पेट्यांत बंद करून टाकल्या. बाहेर बंदूकधाऱ्यांनी भिंतींवर वाट्टेल ते लिहिलं, आत पाणी साचलं, पण शिहाब यांनी झाकलेल्या वस्तू काँक्रीटच्या आत वाचल्या. फिनिशियन लिपीतला प्रसिद्ध लेख असलेली अहीराम राजाची शवपेटी आज पाहता येते. एकाच रस्त्यावर काँक्रीटचे हे दोन उपयोग झाले.

सुमारे दीड लाख माणसं मेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १७,००० बेपत्ता झाली. १९८९ मध्ये सौदीच्या ताइफ शहरात करार झाला, १९९० मध्ये तोफा थांबल्या आणि १९९१ मध्ये संसदेने सर्वसाधारण माफीचा कायदा केला. मिलिशियांचे म्होरके सूट घालून मंत्री झाले. बेपत्ता माणसांचा शोध घेण्याचा कायदा व्हायला २०१८ उजाडलं.

शहराचा मध्यभाग नव्याने बांधायचं काम पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या काळात 'सोलिदेर' या खाजगी कंपनीकडे गेलं. लढाईत पडल्या त्याहून जास्त जुन्या इमारती लढाईनंतर बुलडोझरने पडल्या, असं बैरूतमधले अनेक वास्तुकार आजही म्हणतात. चकचकीत दुकानं आली. जखमा दाखवणारं काहीही ठेवायचं नाही, हाच तेव्हाचा शिष्टाचार.

बरकातांची इमारत सोलिदेरच्या हद्दीबाहेर होती, म्हणून ती काही वर्षं तशीच पडून राहिली. १९९४ मध्ये मोना अल-हल्लाक ही तरुण वास्तुकार आत शिरली. धूळ, गोण्या, भिंतींवर बंदूकधाऱ्यांनी लिहिलेली नावं. आणि त्याखाली त्या दंतवैद्यांच्या संसाराचे अवशेष, कागद, पत्रं, बिलं. ती पुन्हा पुन्हा जात राहिली आणि हाती येईल ते सांभाळून ठेवत गेली. १९९७ मध्ये मालकांनी इमारत पाडायला घेतली. जमिनीला सोन्याचा भाव होता आणि मालकांचंही पूर्ण चूक म्हणता येत नाही, गोळ्यांनी चाळण झालेल्या घराचं कोणी काय करावं? दारं, खिडक्या, फरशा निघू लागल्या तेव्हा मोना यांनी वर्तमानपत्रांत लिहिलं, इमारतीसमोर लोक जमवले. पाडकाम थांबलं. २००३ मध्ये बैरूत नगरपालिकेने सार्वजनिक कामासाठी इमारत ताब्यात घेतली. शहराच्या आठवणींचं संग्रहालय करायचं ठरलं आणि पॅरिस नगरपालिकेने त्यासाठी साहाय्य केलं.

दुरुस्तीचं काम युसूफ हैदर या वास्तुकाराकडे आलं. त्यांनी गोळ्यांची भोकं बुजवली नाहीत. जिथे खांब तुटला होता तिथे पोलादी आधार दिला, जयपूर फूट लावावा तसा, तुटलेला पाय तुटलेलाच दिसेल असा. नेमबाजांच्या काँक्रीटच्या भिंती आणि त्यातल्या फटी आतमध्ये तशाच ठेवल्या. २०१७ मध्ये तिथे मोठी प्रदर्शनं झाली आणि माणसं आत येऊ लागली. आजोबांचा हात धरून नातवंडं आली. त्यानंतर मात्र दार अधूनमधूनच उघडत राहिलं. इमारतीचा कारभार कोणी पाहायचा, कायमचं प्रदर्शन कोणतं लावायचं, हेच पक्कं होईना.

का होईना, याचं उत्तर मला शिक्षक म्हणून लगेच कळतं. ताइफच्या करारात एक कलम होतं की सगळ्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक करायचं. ते आजतागायत झालेलं नाही. समित्या बसल्या, उठल्या. २००१ मध्ये लहान मुलांच्या एका पुस्तकात लेबनॉनमध्ये येऊन गेलेल्या परक्या सत्तांच्या यादीत अरबांचंही नाव आलं. अरब परके कसे, म्हणून गदारोळ झाला आणि पुस्तक मागे घेतलं गेलं. यादवीपर्यंत तर पोहोचायचंच राहिलं. तिथल्या मुलांचा शाळेतला इतिहास साधारण फ्रेंच निघून जाण्यापाशी संपतो. पुढचं प्रत्येकाला आपापल्या घरी कळतं, आपापल्या आजीकडून. म्हणजे जितकी घरं तितके इतिहास. बी.एड. करताना आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र पाठ करायला लावलं होतं. ज्ञातच प्रत्येकाचं वेगळं असेल तर फळ्यावर पहिली ओळ कोणती लिहायची, हे त्या पुस्तकात नव्हतं.

त्या मुलाला मी सांगितलं की दोन्ही कवाडं उघडी असली तर उजेड येतो. मग ही इमारत फळ्यावर काढून दाखवली. चौक, कोपरा, खांब, एका रेषेत दारं. एकाने उठून विचारलं, "सर, त्यात राहणारे परत आले का?" परत राहायला कोणीही आलं नाही.

तळमजल्यावरच्या फोटो मारियोच्या दुकानात मोना अल-हल्लाक यांना हजारो निगेटिव्ह सापडल्या. लढाईआधी तिथे येऊन बसलेली माणसं. नवरानवरी, पासपोर्टसाठी ताठ बसलेले पुरुष, नव्या कपड्यांतली पोरं. कोणाचंही नाव त्यावर लिहिलेलं नाही. धर्म तर नाहीच. मोना यांनी त्यांचे फोटो छापले आणि प्रदर्शनाला येणाऱ्याला सांगितलं, यातला एक घरी न्या आणि ही व्यक्ती कोण ते शोधा. काही चेहरे ओळखले गेले. बाकीचे अजून कोणाच्या तरी घरात, कपाटात किंवा पुस्तकाच्या पानांत, आहेत.